सुशोभीकरणाच्या टेंडरवर सही होण्याआधी तलावाचा काठ बघा

नांदूर मध्यमेश्वरचंच घ्या. निफाड तालुक्यात गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा झाला. पुढच्या शंभर वर्षांत तो गाळानं भरत गेला, पाणी पसरट झालं, मधे बेटं आली, पाणकणीस माजलं. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हे नुकसानच! पण पक्षी आले ते या उथळपणामुळेच आणि २०२० साली हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरलं.

आपल्या गावोगावच्या तलावांचं मात्र उलटं चाललंय. पोकलेन लावून सगळीकडे सारखी खोली करायची, कडेनं उभी दगडी भिंत, वर पेव्हर ब्लॉक आणि कारंजं. (कारंज्याचा उपयोग फोटोपुरताच.) यात नेमकं काय मरतं? तुतवार हा छोटा पाणपक्षी ओल्या चिखलात किंवा दोन-चार सेंटिमीटर पाण्यात चरतो. लांब पायांचा शेकाट्या फार तर वीतभर पाण्यात उभा राहतो. थापट्या, तलवार बदक या बदकांना फूटभर पाणी पुरतं, लालसरी बदकाला मात्र सूर मारायला खोल पाणी लागतं. काठाचा उतार एकास वीस (वीस मीटर आत गेल्यावर एक मीटर खोली) असेल तर शून्य ते पंधरा सेंटिमीटर खोलीचा तीन मीटर रुंद पट्टा मिळतो. एकास दहाला तो दीड मीटरवर येतो. उभ्या भिंतीला शून्य. मग भिंतीवर कितीही पक्ष्यांची चित्रं काढा.

गाळ काढूच नये असं नाही. गाळ शेताला चांगला, शासनाची योजनाही आहे. फक्त मधला भाग खोल करा आणि काठाकडचा वीस-तीस मीटर पट्टा सोडा. एका वर्षी निम्माच तलाव उकरा, म्हणजे उरलेल्या भागातून वनस्पती आणि किडे परत पसरतील. उन्हाळ्यात टिटवी, शेकाट्या उघड्या जमिनीवर अंडी घालतात, म्हणून बेटांवर मशीन चढवायचंच नाही. रस्त्याच्या बाजूला भिंत लागणारच असेल तर त्या एकाच बाजूला बांधा.

जलपर्णीचंही तेच. काढून काठावर ढीग लावला की कुजून सगळं खत परत पाण्यात. ती फुलावर येण्याआधी काढा, कारण बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. आणि सांडपाण्याचा नाला तसाच वाहत असेल तर दरवर्षी नवीन ठेका निघणार, हे ठेकेदारालाही पक्कं ठाऊक असतं.

कायद्यावर फार विसंबू नका. २०१७ च्या पाणथळ नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळलेत, म्हणजे आपल्याकडचे बरेचसे बाहेरच. त्यामुळे काम मंजूर होण्याआधीच नगरपालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका आणि काठाच्या आडव्या छेदाचा (काठ उभा कापल्यावर कसा दिसेल त्याचा) नकाशा मागा. थ्रीडी चित्र दाखवतील, त्यावर समाधान मानू नका. छेदात उतार किती, गाळ कुठपर्यंत काढणार, नाला कुठे वळवणार, एवढं वाचलं तरी पुरे. उतार लिहिलेलाच नसेल तर लेखी हरकत तिथेच घ्या. एकदा काँक्रीट पडलं की ते फोडायला कोणी पैसे देत नाही.