‘पोट साफ आहे, मग कसली भीती?’ या निरोपाला उत्तर

सध्या एक निरोप फोनाफोनी फिरतो आहे: ‘शौचाला रोज नीट होतं, रक्त पडत नाही, घराण्यात कोणाला नाही, मांसही खात नाही, तर मोठ्या आतड्याचा कॅन्सर तुम्हाला होणार नाही. त्रास झाला तर बघू, आधीच तपासणी कशाला?’ पाठवणाऱ्याचा हेतू धीर देण्याचाच असेल. पण ज्या वर्षांत हा आजार अडवता येतो, नेमक्या त्याच वर्षांत हा निरोप माणसाला गाफील ठेवतो, म्हणून हे लिहितो आहे.

आधी त्रासाचं बघू. मोठ्या आतड्याचे बहुतेक कॅन्सर पॉलिपमधून, म्हणजे आतल्या अस्तरावर उगवलेल्या लहानशा गाठीतून सुरू होतात. त्या अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही. दुर्बिणीतून पॉलिप काढतानाही दुखत नाही ते त्यामुळेच. मग नुसता वाढणारा पॉलिप दुखणार कसा? पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण १० वर्षं किंवा त्याहून जास्त काळ लागतो आणि या काळात पोट अगदी रोजच्या वेळेला साफ होत राहू शकतं. आतड्याच्या उजव्या भागात तर मळ पातळ असतो आणि जागाही ऐसपैस, त्यामुळे गाठ मोठी झाली तरी अडथळा होत नाही. रक्त थेंबाथेंबाने मळात मिसळतं, डोळ्यांना दिसत नाही. कित्येकांच्या बाबतीत पहिली खूण म्हणजे कमी झालेलं हिमोग्लोबिन. (बहुतेक पॉलिप कधीच कॅन्सर होत नाहीत, हेही तितकंच खरं. १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या पॉलिपचा धोका जास्त.)

‘घराण्यात नाही’ हा दिलासाही फसवा आहे. या कॅन्सरच्या बहुसंख्य रुग्णांच्या जवळच्या नात्यात तो कोणालाच झालेला नसतो. लिंच सिंड्रोमसारखा ठळक आनुवंशिक दोष शंभर रुग्णांत साधारण तिघांमध्येच सापडतो. उलट आई-वडील, सख्खी भावंडं किंवा मुलं यांच्यापैकी कोणाला झाला असेल, तर आपला धोका जवळपास दुप्पट होतो. आणि घरात कॅन्सरबद्दल विचारलं जातं. पॉलिप काढल्याबद्दल कोणी विचारत नाही, सांगतही नाही. मोठा पॉलिप निघाला असेल तर तीही माहिती डॉक्टरांना हवी असते.

मांसाच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण अर्धंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सरकारक ठरवलं. रोज ५० ग्रॅममागे धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. ते खात नसाल तर उत्तमच. पण तंबाखूचा धूर, दारू, पोटावरची चरबी, दिवसभराची बैठक, टाइप २ मधुमेह यांचा धोका ताट बदलल्याने जात नाही. आणि वय तर कोणालाच चुकवता येत नाही.

राहिली तपासणी. ‘त्रास झाल्यावर’ केलेली तपासणी आजार शोधते. त्रासाआधीची तपासणी पॉलिप काढून आजार होण्याआधीच थांबवू शकते. नॉर्वे, पोलंड आणि स्वीडनमधल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. कोलोनोस्कोपीसाठी (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघण्यासाठी) बोलावलेल्या गटात १० वर्षांत हा कॅन्सर १८ टक्क्यांनी कमी आढळला, आणि बोलावलेल्यांपैकी निम्म्याहून कमी लोकच प्रत्यक्ष आले होते. कोलोनोस्कोपीत क्वचित रक्तस्राव होतो, फार क्वचित आतड्याला छिद्र पडतं. हे लपवू नये. सरसकट सगळ्यांनी तिच्यापासूनच सुरुवात करायला हवी असंही नाही. धोका सर्वसाधारण असेल तर मळातलं न दिसणारं रक्त शोधणारी साधी चाचणी दरवर्षी करता येते. तिच्यात रक्त आढळलं तर मात्र कोलोनोस्कोपी टाळू नये.

अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये तपासणी सुरू करण्याचं वय ५० वरून ४५ वर आणलं. जवळच्या नातेवाइकाला साठीच्या आत हा कॅन्सर झाला असेल, तर ४०व्या वर्षी किंवा त्याच्या निदानाच्या वयाआधी १० वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी सुचवतात. वडिलांना ४८व्या वर्षी निदान झालं असेल, तर मुलीने ३८व्या वर्षी डॉक्टरांकडे हा विषय काढायचा, पोट रोज साफ होत असलं तरी.