जवळच आहे

साडूभाऊंचा फोन आला तेव्हा मी दिवाळीचा उरलेला चिवडा साफ करत होतो. म्हणजे त्यातले काजू. "आम्ही सारे येऊन राहिलो चार दिवस," ते नागपूरहून म्हणाले. "रविवारी मस्त कुठंतरी जाऊ न भाऊ. लांब नको, जवळच पाहा."

आठशे किलोमीटर प्रवास करून येणारा माणूस 'लांब नको' म्हणतो तेव्हा सावध व्हायला हवं होतं. पण काजू चांगले होते, मी "बघू की" म्हणून गेलो.

नागपूरकरांचं 'जवळ' आणि आमचं 'जवळ' ही दोन वेगळी मापं आहेत. साडूभाऊंना चिखलदरा जवळ वाटतं, ताडोबा तर त्यांच्या बोलण्यात अंगणाच्या कोपऱ्यात असतं. सकाळी मनात आलं की गाडी काढायची, दुपारी वाघ. (मंगळवारी नाही, मंगळवारी ताडोबा बंद असतं, हे त्यांनी मला आजवर किमान सहा वेळा सांगितलंय.) आम्ही डोंबिवलीकर अंतर मिनिटांत मोजतो. कल्याण सात मिनिटं, ठाणे वीस, दादर पन्नास, आणि शिळफाटा म्हणजे देवाची इच्छा.

शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर हॉलमध्ये बैठक बसली. आम्ही चौघं: मी, बायको, चिरंजीव आणि आई. ते पाच: साडूभाऊ, ताई, दोन मुलं आणि सासूबाई, ज्या मुक्कामाला नागपूरला होत्या आणि 'इकडची हवा पालटायला' त्यांच्याबरोबर आल्या होत्या. डोंबिवलीत हवा पालटायला येणारी पहिलीच व्यक्ती असावी ती.

लोणावळा मी लगेच उडवला. सुट्टीतल्या रविवारी माणूस लोणावळ्याला जात नाही, लोणावळ्याच्या रांगेत जाऊन उभा राहतो. ताईंनी कास पठाराचे फोटो पाहिले होते, पण कास साताऱ्याच्याही पुढे, आणि नोव्हेंबरात तिथे फुलं शोधायला गेलं तर गवतच भेटणार. अलिबागला लाँचने जाणं मुलांना पसंत होतं, पण मांडव्याची लाँच धरायला आधी गेटवे गाठायचं, म्हणजे सहल सुरू होण्यापूर्वीच एक सहल. कर्नाळ्याचं नाव मी काढलं.

"काय आहे तिथं?" साडूभाऊ.

"अभयारण्य. पक्ष्यांचं."

"पक्षी?" त्यांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "आमच्याकडे वाघ आहेत न भाऊ."

कर्नाळा संपला. एवढा वेळ गप्प बसलेली आई म्हणाली, "टिटवाळ्याला जाऊया की. गणपती होईल." माझ्या आईच्या नकाशावर महाराष्ट्रात एकच गाव आहे, आणि ते कल्याणहून तिसरं स्टेशन आहे. कुणी काही म्हणालं नाही. आईही पुढे काही बोलली नाही, पण 'बघा हं' अशा अर्थाने तिने वाती वळायला घेतल्या.

शेवटी मीच म्हणालो, "माथेरान." मिनी ट्रेन आहे, मुलं खूश. गाड्यांना बंदी आहे, हवा स्वच्छ. आणि मग मी ते वाक्य बोललो, जे त्यानंतर दिवसभर मला निरनिराळ्या आवाजांत ऐकवलं गेलं: "जवळच आहे. डोंबिवली ते नेरळ चाळीस किलोमीटरसुद्धा नाही. दीड तासात वर." बायकोने फक्त माझ्याकडे पाहिलं. तिचं लग्न माझ्याशी झालेलं असल्याने माझा दीड तास तिला माहीत आहे.

सकाळची कर्जत लोकल पकडायचं ठरलं. नऊ माणसांना एका संडास-बाथरूमातून तयार करून स्टेशनवर न्यायचं हे काम कुंभमेळ्याच्या तोडीचं आहे, त्याबद्दल इथे लिहीत नाही. साडूभाऊ सगळ्यांत शेवटी बाहेर आले, कारण ते नवे बूट बांधत होते. पांढरे शुभ्र. सहलीसाठी खास घेतलेले. मला त्याच क्षणी काहीतरी सांगायला हवं होतं, पण रिक्षावाला हॉर्न देत होता.

उलट्या दिशेची गाडी रिकामी असेल हा माझा हिशोब होता. तो सोमवार ते शुक्रवार बरोबर असतो. रविवारी त्याच गाडीला पाठीवर पोतडी बांधलेली, ट्रेकला निघालेली शंभरएक पोरं असतात, आणि त्या पोतड्यांना स्वतंत्र जागा लागते. सासूबाई आणि आई कशाबशा बसल्या. साडूभाऊंना मी चौथी सीट मिळवून दिली.

"ही सीट कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

मी समजावलं. बाक तिघांचा असतो. त्यावर चौघं बसतात. चौथ्याची एक मांडी बाकावर आणि दुसरी त्याच्या पुण्याईवर. साडूभाऊ बसले. अंबरनाथ आलं, बदलापूर आलं, वांगणी आलं. नेरळला उतरल्यावर ते थोडे तिरपेच चालत होते. "चाळीस किलोमीटर न?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. जिज्ञासा होती.

माथेरानची छोटी गाडी 1907 साली सुरू झाली. आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती बांधली. दोन फुटांचा रूळ, एकवीसेक किलोमीटरची नागमोडी चढण, वाटेत एकच बोगदा. ही सगळी माहिती मी तिकिटाच्या रांगेत मुलांना दिली, कारण देण्यासारखं दुसरं काही नव्हतं. एवढीशी गाडी, दिवसाच्या मोजक्या फेऱ्या, आणि रांग मात्र ब्रॉडगेजची. आमच्यापुढे दोन डोकी उरली असताना खिडकी बंद झाली. धाकट्या भाच्याने गाडी सुटताना तिला हात केला. गाडीतल्या एका आजोबांनी त्याला उलट हात केला. ते दृश्य माझ्या जाहीरनाम्यात नव्हतं.

मग दोन टॅक्सी. नेरळहून दस्तुरीपर्यंतचा घाट फार मोठा नाही, पण चढ असा की पुढच्या टॅक्सीचं बूड आपल्या डोळ्यांसमोर येतं. सासूबाईंची रामरक्षा वर पोचेपर्यंत दोनदा झाली. दस्तुरीला टॅक्सी थांबली आणि ड्रायव्हर म्हणाला, "इथपर्यंतच."

"आणि माथेरान?" ताई.

"ते पुढे आहे. जवळच."

मी ओरडलो नाही, पण त्या माणसाबद्दल मला एकदम आपुलकी वाटली.

दस्तुरीहून गाव अडीच-तीन किलोमीटर. शटल गाडीला रांग, ई-रिक्षा मोजक्या आणि त्यांना त्याहून मोठी रांग, घोडे भरपूर पण सासूबाईंनी घोड्याकडे आणि घोड्याने सासूबाईंकडे पाहून दोघांनीही नकार दिला. चालत निघालो. रुळांच्या कडेने गर्द सावली, थंड वारा, खरंच सुंदर रस्ता आहे. आणि पायाखाली जांभ्याची ती माथेरानची प्रसिद्ध लाल माती, दळलेल्या तिखटासारखी मऊ. शंभर पावलांत साडूभाऊंचे बूट गुलाबी झाले, पाचशे पावलांत विटकरी. ते काही बोलले नाहीत. मधे एकदा थांबून, एका बुटाची टाच दुसऱ्या पायाच्या पँटीला पुसून त्यांनी पँटही त्यात सामील करून घेतली.

1850 साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आला आणि माथेरान साहेबांना सापडलं. बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाली 1853 ला, म्हणजे तो बिचारा चौथ्या सीटशिवायच पोचला. "आणि त्याच्याबरोबर सासूबाईही नव्हत्या," असं मी हळू आवाजात साडूभाऊंना म्हणालो. माथेरानला आवाज फार छान घुमतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

जेवायला एका झाडाखाली बसलो. तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचं, आणि साडूभाऊंनी खास नागपूरहून आणलेली संत्रा बर्फी. माकडांबद्दल मी सगळ्यांना बजावलं होतं. सगळे पुऱ्यांना कवटाळून बसले. माकड आलं, आमच्या तोंडावरची दहशत पाहिली, आणि शांतपणे बर्फीचा डबा उचलून समोरच्या फांदीवर गेलं. डब्याला रबर लावलेलं होतं. त्याने रबर ओढलं, सोडलं, फटकन बोटाला लागल्यावर दचकून इकडेतिकडे पाहिलं, कुणी पाहिलं तर नाही ना, अशा माणसासारखं. मग रबर दातांनी तोडलं, झाकण काढून बाजूला धरलं आणि वडी आधी हुंगली. साडूभाऊ श्वास रोखून बघत होते. माकडाने वडी खाल्ली, थांबलं, आणि दुसरी घेतली.

"आवडली," साडूभाऊ म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदाच ते खूश दिसले.

पाण्याची बाटली घ्यायला गेलो तर खालच्यापेक्षा महाग. मी कुरकुर केली. दुकानदार म्हणाला, "साहेब, तुम्ही चालत आलात. बाटली घोड्यावरून आलीय." यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

माथेरानला तीसहून जास्त पॉइंट आहेत. लुईझा, अलेक्झांडर, शार्लोट तलाव अशी नावं ऐकून आई म्हणाली, "सगळे पाव्हणे साहेबाकडचेच दिसतायत. एकही देव नाही." (देव आहे, शार्लोट तलावाकाठी पिसरनाथाचं देऊळ आहे. तिथे नेल्यावर तिने वातींची पुडी काढली. म्हणजे ती तयारीनेच आली होती.) बाकी पॉइंट पाहण्याइतके पाय कुणाकडे उरले नव्हते. एको पॉइंट तेवढा मुलांनी सोडला नाही.

एको पॉइंटला त्या वेळी पन्नास माणसं एकाच वेळी ओरडत होती, त्यामुळे कुणाचा प्रतिध्वनी कुणाकडे परत येतोय याचा ताळमेळ नव्हता. साडूभाऊ कठड्याशी गेले, छाती भरून घेतली आणि दरीत आरोळी ठोकली, "काय बे, कसा आहे?"

क्षणभराने उत्तर आलं, "मजेत बे! तू कधी आला?"

भाचा पांढराफटक पडला. साडूभाऊही मागे सरले. मग गर्दीतून एक टोपीवाले गृहस्थ पुढे आले. नागपूरचे. साडूभाऊंच्या मागच्याच गल्लीतले. तीन वर्षांपूर्वी पार्किंगवरून झालेल्या भांडणानंतर दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. आठशे किलोमीटरवर, एका कड्याच्या टोकाला, ते गळ्यात पडले. नंतरचा पाऊण तास आम्ही सह्याद्रीकडे पाठ करून नागपूर मेट्रो, पाण्याचे टँकर आणि कॉलनीतल्या एका कुत्र्याबद्दल ऐकलं. सूर्यास्त दुसऱ्या पॉइंटवर झाला म्हणतात.

परतीचं थोडक्यात सांगतो. शटल मिळाली, टॅक्सी मिळाली, लोकलमध्ये चौथी सीटही मिळाली नाही. सासूबाई आणि आई दारापासून दूर पिशव्यांवर बसल्या आणि वांगणीपर्यंत दोघींचं माझ्याबद्दल एकमत झालं होतं.

रात्री दहाला बिल्डिंगच्या गेटशी पोचलो. नऊ माणसं, गुडघ्यापर्यंत लाल. वॉचमन खुर्चीतून उठून आमच्या पायांकडे बघत राहिला.

"माथेरान का, साहेब?"

"हो," मी म्हणालो. "लोक म्हणतात जवळ आहे. मरायला झालं."

"जवळच की," तो म्हणाला. "मी नेरळच्या पुढचा, भिवपुरीचा. रोज येतो." आणि त्याने हातातला डबा सरळ केला, कारण त्याची ड्यूटी संपली होती आणि त्याला सव्वादहाची कर्जत पकडायची होती.