आमचे येथे वाचनालय आधुनिक करून मिळेल

तुम्ही एखाद्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर निवडून आला असाल, तर आधी अभिनंदन. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं. आपल्याकडे इतकी वर्षं लोक नुसती पुस्तकं देत-घेत बसले. तुम्ही काहीतरी करून दाखवा.

सुरुवात उद्घाटनाच्या तारखेपासून करायची. 12 ऑगस्ट उत्तम. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांचा जन्मदिवस, ग्रंथपाल दिन. तसबीर माळ्यावर असेलच, हार तेवढा आणायचा. मग आधी कोनशिला, नंतर कोटेशनं, नंतर यंत्रं, आणि वेळ उरलाच तर पुस्तकं.

सॉफ्टवेअर घेताना फुकट मिळणाऱ्यांपासून सावध राहा. ‘कोहा’ न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालं, 2000 सालापासून वापरात आहे आणि कोणीही विनामूल्य घ्यावं. ‘ई-ग्रंथालय’ तर केंद्र सरकारच्या एनआयसीचं, म्हणजे घरचंच. पण फुकटच्या वस्तूचं बिल कुठलं लावणार, आणि ऑडिटला काय दाखवणार? त्यापेक्षा पतसंस्थांना हप्तेवसुलीचं सॉफ्टवेअर विकणारा एखादा होतकरू मुलगा गाठा. तो ‘कर्जदार’च्या जागी ‘वाचक’ घालून देईल. एखाद्या पडद्यावर ‘जामीनदाराचे नाव’ राहून गेलंच, तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. नोंदींची प्रत मात्र त्याच्याकडे मागू नका. विश्वास म्हणून काही चीज असते की नाही?

खरी गंमत नोंदींत आहे. तुमचा ग्रंथपाल म्हणेल, “साहेब, एकेक पुस्तक हातात घेऊन दाखल रजिस्टराशी ताडावं लागेल, हाताखाली माणूस द्या.” ऐकू नका. पुस्तकामागे इतके रुपये असा ठेका देऊन टाका. मराठी टायपिंग न येणारी मुलं मिळाली तर दुधात साखर. ती नावं रोमन लिपीत भरतील. मग ज्ञानेश्वरांवरची पुस्तकं थोडी डीखाली, थोडी जेखाली, उरलेली जीखाली. कोणी मराठीचा हट्ट धरलाच, तर जुन्या डीटीपीच्या फाँटात भरा, सगळ्या संगणकांना कळणाऱ्या युनिकोडात नको. पडद्यावर अक्षर मोत्यासारखं दिसतं, शोधायला जावं तर एक नाव सापडत नाही, आणि दुसऱ्या संगणकावर तर अक्षर तरी कुठलं? आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचा, रकाना सक्तीचा ठेवायला विसरू नका. ती पद्धत 1970 च्या सुमारास आली. त्याआधीची पुस्तकं, म्हणजे तुमच्या वाचनालयाची खरी इस्टेट, संगणकाच्या लेखी जन्मलीच नाहीत. ठेकेदाराची मुलं तिथे शून्यं भरून मोकळी होतील. मग सगळ्यांचा क्रमांक एकच; त्या कपाटातलं काहीही द्या, पावती त्यातल्या पहिल्या नोंदीची, म्हणजे बागकामाच्या पुस्तकाची निघेल. (बागकामाचं पुस्तक मात्र कोणी नेऊ शकणार नाही; ते कायम बाहेर गेलेलं असेल.)

बारकोड लेखकाच्या नावावर चिकटवावा. तिथे जागा चांगली मिळते.

एवढ्यात ग्रंथपालाच्या पगाराचा विषय निघेल. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं वाचनालयांना मान्यता आणि अनुदान मिळालं, अ-ब-क-ड वर्ग लागले. त्यातल्या सगळ्यात खालच्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथपालाला मिळतं त्यात कोनशिलेवरची अक्षरंसुद्धा कोरून होणार नाहीत. तर त्याच्यासाठी बायोमेट्रिक यंत्र बसवा. पगार कधी होईल हे ते सांगत नाही, पण तो किती वाजून किती सेकंदांनी आला हे अचूक सांगतं.

रंगनाथनांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं 1931 ची. चौथं म्हणतं, वाचकाचा वेळ वाचवा. भाषणात हे जरूर घ्या. अंमलबजावणीसाठी प्रत्येक देवघेवीला ओटीपी ठेवा. निवृत्त मास्तरांचा नंबर नातवाच्या नावावर, नातू पुण्यात, आणि भर दुपारी तो फोन उचलत नाही. मास्तर दोन खेपांनंतर वर्तमानपत्र वाचून घरी जाऊ लागतील. वेळ वाचला.

पुढे अभ्यासिका. स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळी सहापासून दाराशी उभी असतात. त्यांना पंखा, प्लग आणि स्वच्छ संडास हवा असतो. या मागण्या आधुनिकीकरणात बसत नाहीत, असं प्रेमानं समजवा आणि ‘डिजिटल कोपरा’ दाखवा. वीज आली की तोही दिसेल.

सगळ्यात शेवटी आरएफआयडीचं गेट, म्हणजे पुस्तकात बसवलेली चिप ओळखून चोरी पकडणारं दार. चोरी होत नसली तरी घ्या. फोटोत तेच उठून दिसतं. पुस्तक दिल्याची नोंद होऊन ते चिपलाही कळलं, तर गेट गप्प राहतं. तुमच्याकडे चिप आणि नोंदी जुळायचं कारण नाही, त्यामुळे रीतसर पुस्तक नेणाऱ्या प्रत्येकावर ते बोंब मारेल. महिन्याभरात ग्रंथपाल त्याचं बटण बंद करेल आणि वर दिवाळी अंकांचे गठ्ठे ठेवेल. करू द्या. वार्षिक देखभालीचा चेक तेवढा वेळेवर काढा.