निळा रंग म्हणजे थिजलेले पेशीपटल नव्हे

गेल्या काही आठवड्यांपासून कोल्हापुरातील अनेक व्हॉट्सअ‍ॅप गटांत पेशींची दोन चित्रे फिरत आहेत, एक निळे आणि एक लाल. सोबतचा मजकूर सांगतो की चमकणाऱ्या रंगद्रव्याने तपासले असता तूप, साय आणि रश्श्यावरचा तवंग खाणाऱ्यांचे पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचे पातळ आवरण, थिजलेले, म्हणजे निळे दिसते. हे रंगद्रव्य पटलाचा घट्टपणा थेट मोजते, असेही त्यात म्हटले आहे. आणि या घट्टपणाचे मूळ कोलेस्टेरॉल आहे, असाही त्याचा दावा आहे. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभ्याउभ्या धारोष्ण दूध पिणाऱ्या या गावात असा मजकूर काळजी निर्माण करणारच. फ्लुओरोसंट प्रोब, म्हणजे अशी चमकणारी शोधक रंगद्रव्ये, वापरून लिपिड (स्निग्ध रेणूंच्या) पटलांवर काम करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून यातील एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

आधी रंगाबद्दल. अशा चित्रांसाठी बहुधा लॉरडान हा प्रोब वापरतात. घट्ट, शिस्तीत रचलेल्या पटलात तो सुमारे 440 नॅनोमीटरला आणि सैल पटलात सुमारे 490 नॅनोमीटरला प्रकाश देतो. पहिला प्रकाश निळा, दुसरा निळसर हिरवा. लाल त्यात कोठेच नाही. या दोन तीव्रतांच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेने भागले की उणे 1 ते अधिक 1 यांच्यामधला एक आकडा मिळतो. त्याला जीपी (जनरलाइज्ड पोलरायझेशन) म्हणतात. ही पद्धत तिझियाना पारासासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये मांडली. चित्रातील प्रत्येक ठिपक्याचा जीपी काढून त्याला रंग देतो तो संगणक, आणि अनेक शोधनिबंधांत तर घट्ट भाग लाल व सैल भाग निळा दाखवलेला असतो. शेजारी रंगपट्टी नसेल तर निळ्याचा अर्थ लावताच येत नाही, आणि फिरणाऱ्या चित्रांत ती पट्टी नाही.

याचा अर्थ प्रोब खोटा आहे असा मात्र कोणी काढू नये. डीपीपीसी या लिपिडचे क्लोरोफॉर्ममधील द्रावण गोल बुडाच्या चंबूत सुकवले की काचेला पातळ थर धरतो. त्यात 50 अंश सेल्सिअसचे पाणी घालून हलवले की थर सुटतो, पटलांचे सूक्ष्म फुगे बनतात आणि पाणी दुधट होते. यात दर काही शे लिपिड रेणूंमागे लॉरडानचा एखादाच रेणू मिसळून नमुना हळूहळू तापवत नेला, तर 41 अंशांच्या आसपास, अवघ्या दोन-तीन अंशांच्या टप्प्यात, प्रकाशाचे शिखर 440 कडून 490 कडे सरकते. कोणतेही रंगद्रव्य न घालता केलेल्या उष्मामापनातही थिजलेले पटल सैल होण्याचा हाच 41 चा आकडा येतो.

तरीही ‘थेट मोजते’ हे म्हणणे चूकच आहे. लॉरडान पटलाच्या पृष्ठभागाजवळ बसतो आणि आपल्या भोवतीच्या पाण्याची खबर देतो. प्रकाश शोषल्यावर त्याचा विद्युत द्विध्रुव (रेणूच्या दोन टोकांतील धन-ऋण भाराची फारकत) वाढतो, शेजारचे पाण्याचे रेणू त्याला अनुसरून काही नॅनोसेकंदांत वळतात आणि त्यात ऊर्जा खर्ची पडून बाहेर पडणारा प्रकाश लांब तरंगलांबीकडे झुकतो. घट्ट पटलात पाणी कमी शिरते आणि जे शिरते तेही सावकाश वळते. पटलाचा घट्टपणा आपण त्यावरून अनुमानाने काढतो. डीपीएच हा प्रोब पटलाच्या तेलकट गाभ्यात राहून वेगळीच गोष्ट सांगतो, म्हणून दोघांची उत्तरे नेहमी जुळतीलच असे नाही. शिवाय प्रोब नेमका कोठे आहे हेही पडताळावे लागते: लिपिडच्या शेपटीला जोडलेला एनबीडी हा चमकणारा गट गाभ्यात राहील असे वाटते, पण प्रत्यक्षात तो वळून पृष्ठभागाशी येतो. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतील अमिताभ चट्टोपाध्याय यांनी एनबीडीच्या या वागणुकीवर दीर्घकाळ काम केले आहे.

तुपाविषयीचे विधान लवकर निकाली निघते. तूप हे ट्रायग्लिसराइड, तर पटलातील लिपिड मुख्यतः फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉल, म्हणजे वेगळेच रेणू. हिवाळ्यात बरणीत थिजणारे तूप पोटात गेल्यावर आतड्यात फोडले जाते, त्यातील काही संपृक्त मेदाम्लांचे शरीर असंपृक्त मेदाम्लांत रूपांतर करते, आणि पेशी आपल्या पटलाची घडण स्वतः राखते.

कोलेस्टेरॉल सैल पटलाला घट्ट करते हे खरे, पण थिजलेल्या पटलाची शिस्त तेच मोडते. संदेशात या दुसऱ्या बाजूचा उल्लेखही नाही. निरोगी माणसाच्या लाल रक्तपेशीच्या पटलात दर दोन फॉस्फोलिपिडांमागे एकाहून अधिक कोलेस्टेरॉल रेणू असतात, आणि दूध-तूप न घेणाऱ्याच्या पेशीतही ते असतात, कारण यकृत ते तयार करते.

आहाराचा पटलावर काहीच परिणाम होत नाही असा माझा दावा नाही. मासळीच्या तेलातील ओमेगा-3 आम्ले लाल रक्तपेशींच्या पटलात वाढलेली मोजता येतात. तूप किती खावे हा प्रश्नही रास्त आहे, पण डॉक्टर त्यासाठी रक्तातील कोलेस्टेरॉल तपासायला सांगतात. लॉरडानचे चित्र त्या तपासणीत कोठेच नसते.