‘पुरे’ या व्याधीवरील उपचार

पंगतीत वाढपी जिलेबीचे ताट घेऊन समोर आला की पानावर दोन्ही हात आडवे धरून आपण ‘पुरे, पुरे’ म्हणत असाल, तर सुज्ञ वाचकहो, या व्याधीचे बीज आपल्यात आहे असे समजावे. जिलेबीपुरते ते क्षम्य आहे, कारण पंगतीतली वाढ पोटापाशी थांबते. बाजारातल्या वाढीला पोटच नसल्यामुळे तिथे ‘पुरे’ म्हणण्यास काहीच सबब उरत नाही.

ही साथ मुंबईच्या गिरण्यांतून पसरली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी खटपट करून १८९० साली कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली आणि सहा दिवसांचे काम पुरेसे असते हा अपसमज घरोघर रुजला. सुदैवाने २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तासांची मात्रा सुचवली आणि पुढे एल अँड टीच्या अध्यक्षांनी ती ९० वर नेली. आठवड्याचे तास १६८, म्हणजे तरीही ७८ वाया जातातच; त्यांत झोप, आंघोळ आणि घरातील माणसांची नावे पाठ करणे उरकावे. घराबाबत फार सांगण्यासारखे नाही: हप्ते फिटत आले की आणखी मोठे घर घ्यावे.

दुकानदारांची प्रकृती मात्र अधिक बिघडलेली असते. त्यांनी प्रथम ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी उतरवावी. ती अभिमानाने टांगणारे पूर्वज सकाळी केलेला माल संपला की फळ्या लावून घरी जात आणि चक्क जेवून झोपत. दुपारी एक ते चारच्या त्या झोपेत किती शाखा बुडाल्या याचा हिशेब सापडत नाही (हिशेबनीसही झोपला असावा). पुण्याच्या चितळे बंधूंनीदेखील २०१७ पासून दुपारी दुकान उघडे ठेवले. मग आपण कोणत्या तोंडाने जांभई देता?

तेव्हा सात शाखा काढाव्यात. चव थोडी बदलेल, पण तिची चिंता नको. जुन्या जागेवर ठळक अक्षरांत ‘मूळ दुकान’ अशी नवी पाटी लावावी. तिच्याखाली रांग लागेलच. त्या रांगेत आपल्याच उरलेल्या शाखांमधले नोकर घरच्यांसाठी अर्धा किलो घ्यायला उभे दिसले, तर त्यांना ओळख देऊ नये.