‘तारीख मागणारे वकील’ : फिरत्या मेसेजला एका माजी एजीपीचं उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला सात ग्रुपवर आला. शाळेच्या ग्रुपवर आला, वकिलांच्या बार असोसिएशनच्या ग्रुपवर आला, आणि भाचीच्या कॉलेजच्या पालकांच्या ग्रुपवरही आला. मथळा ‘जनतेच्या पैशावर विद्यार्थ्यांशी लढणारे वकील’. खाली पाच आरोप. विद्यापीठाचे वकील म्हणजे सरकारचेच वकील. ते कोर्टात फक्त तारीख मागतात. कुलगुरूंना आणि प्राचार्यांना वाचवणं हीच त्यांची नोकरी. शिक्षणाच्या बाबतीत कोर्ट हात घालत नाही, म्हणून त्यांना करावंही काही लागत नाही. आणि नेमणुका सगळ्या वशिल्याच्या. शेवटी हात जोडलेले तीन इमोजी आणि ‘पुढे पाठवा’.

मी पुढे पाठवला नाही. नऊ वर्षं उच्च न्यायालयाच्या खंडपीठात सहायक सरकारी वकील, म्हणजे एजीपी, म्हणून उच्च शिक्षणाच्या याचिका चालवल्या, त्यानंतर एका विद्यापीठाच्या वकिलांच्या पॅनेलवर होते. पाचांतला एक आरोप मला बराचसा मान्य आहे. तो कोणता, ते ओघात येईलच.

‘विद्यापीठाचा वकील म्हणजे सरकारचाच वकील’

अनुदानित महाविद्यालयातल्या एखाद्या प्राध्यापकाची रिट याचिका घ्या आणि पहिलं पान वाचा. प्रतिवादी क्रमांक १ महाराष्ट्र शासन, उच्च व तंत्र शिक्षण विभागाच्या सचिवांमार्फत. २ पुण्याचे उच्च शिक्षण संचालक. ३ विभागीय सहसंचालक. ४ विद्यापीठ, कुलसचिवांमार्फत. ५ संस्था, ६ प्राचार्य. पहिल्या तिघांसाठी सरकारी वकील कार्यालयातला एजीपी उभा राहतो. विद्यापीठाचा वकील त्यांच्या पॅनेलवरचा, संस्थेचा तिसराच कोणी. शासकीय महाविद्यालय असेल तर गोष्ट वेगळी, ते सरकारचंच अंग, त्याची बाजू एजीपीच मांडतो.

आणि या तिघा वकिलांचं म्हणणं एक असतं, असं समजू नका. विद्यापीठ म्हणतं, नेमणुकीला आम्ही मान्यता दिली. सहसंचालक म्हणतात, पदच मंजूर नव्हतं. संस्था म्हणते, आम्ही दोघांचंही ऐकलं. न्यायमूर्ती तिघांकडे आळीपाळीने बघतात आणि प्राध्यापक मागच्या बाकावर बसून आपला न झालेला पगार मोजत असतो.

२०२० चं उदाहरण तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखतचं. करोनामुळे अंतिम वर्षाच्या परीक्षा नकोत, असं राज्याने जूनमध्ये ठरवलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलैत सांगितलं, सप्टेंबरअखेर परीक्षा घ्या. विद्यापीठं ज्या कायद्याने चालतात तो राज्याचा, पदवीचा किमान दर्जा ठरवणार आयोग. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला : आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली परीक्षा पुढे ढकलता येईल, पण परीक्षेशिवाय विद्यार्थ्यांना उत्तीर्ण करता येणार नाही. त्या दोन-अडीच महिन्यांत एखाद्या विद्यापीठाला ‘सरकार म्हणतंय तसं करा आणि मोकळे व्हा’ असा सल्ला देणं फार सोपं होतं. तो सल्ला देणाऱ्याला ऑगस्टच्या शेवटी तोंड लपवावं लागलं असतं.

‘कोर्टात फक्त तारीख मागतात’

मागतो. शेकडो वेळा मागितली आहे, आणि प्रत्येक वेळी समोरच्या तरुण वकिलाच्या नजरेतला तिरस्कार पाहिला आहे. पण ती का मागावी लागते, ते ऐका.

याचिकेची प्रत आमच्या कार्यालयात येते. तिथून पत्र विभागाला, विभागाकडून संचालकांना, संचालकांकडून सहसंचालकांना. सहसंचालक कार्यालयातला एक लिपिक, ज्याच्याकडे आधीच तीन टेबलांचा कार्यभार आहे, परिच्छेदनिहाय अभिप्राय तयार करतो. ते उलट्या वाटेने वर चढतात, सही होते, मग आमच्याकडे येतात. एकदा आलेले अभिप्राय मी जपून ठेवावेत असे होते. याचिकेच्या दुसऱ्या परिच्छेदात नेहमीचं वाक्य, ‘याचिकाकर्ता भारताचा नागरिक आहे.’ कार्यालयाचं उत्तर, ‘सदर म्हणणे मान्य नाही.’ तिसऱ्यापासून अकराव्यापर्यंत ‘वरीलप्रमाणे’. यावरून मी शपथपत्र करायचं, आणि त्याखाली ज्या अधिकाऱ्याने शपथ घ्यायची त्याने मूळ फाईल उघडलेली नाही.

मग तारीख मागायची, फोन करायचा, ‘कुणालातरी मूळ नस्ती घेऊन पाठवा’ म्हणायचं. नांदेडहून रात्रीच्या एसटीने निघालेला एक लिपिक असाच सकाळी नऊला माझ्या दारात उभा होता. मांडीवर रात्रभर सांभाळलेली कापडी पिशवी, आत बिंदूनामावलीची, म्हणजे कोणतं पद कोणत्या आरक्षणाचं याच्या नोंदीची, वही, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. त्या वहीत एका पदासमोर लाल शाईने खाडाखोड होती आणि खाली तारखेसह सही. तीनशे पानांच्या याचिकेतला वाद त्या एका ओळीत मिटत होता. चहा पिता पिता त्याने विचारलं, ‘मॅडम, वही कोर्टात ठेवून घेत नाहीत ना? माझ्या नावावर आहे ती.’

हा उशीर कोर्टाने माफ करावा, असं मी म्हणत नाही. कोर्ट करतही नाही. २०१२ मध्ये टपाल खात्याने ४२७ दिवस उशिराने अपील केलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सुनावलं की फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जात होती ही सबब चालणार नाही, सरकारला वेगळा कायदा नाही. आमच्या कार्यालयातून खात्याला जाणाऱ्या स्मरणपत्रांत त्या निवाड्याचा उल्लेख मी इतक्यांदा केला की टंकलेखकाला परिच्छेद पाठ झाला होता.

आणि जून ते ऑगस्ट, प्रवेशाचा हंगाम, त्या दिवसांत तारीख कसली? सकाळी साडेदहाला याचिकेची प्रत हातात पडते, अडीचला सर्क्युलेशन, म्हणजे तातडीची सुनावणी. जात वैधता प्रमाणपत्र आलेलं नाही आणि कागदपत्रं दाखल करायची मुदत संध्याकाळी पाचला संपते. तेवढ्या वेळात प्रवेश नियमावली वाचायची, अधिकाऱ्याला फोनवर गाठायचं आणि कोर्टाला सांगायचं की खरोखर किती जागा रिकाम्या आहेत.

‘कुलगुरूंना वाचवणं हीच नोकरी’

हा आरोप मला सगळ्यांत जास्त लागला, म्हणून यावर थोडं लांबण लावते.

विद्यापीठाच्या वकिलाचं अशील विद्यापीठ असतं. खुर्चीवरचा माणूस पाच वर्षांनी जातो, संस्था राहते. हे वाक्य बोलायला सोपं आहे, पण फी मंजूर करणारी सही त्याच खुर्चीवरून येते, हेही तितकंच खरं.

एक प्रसंग सांगते. अशिलाचं बाहेर बोलायचं नाही हा आमचा कायदा, भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२, म्हणून ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. एका निवड समितीत विषयतज्ज्ञ हवे तितके नव्हते. तरी निवड झाली, आणि न निवडलेल्या उमेदवाराने नोटीस धाडली. माझ्याकडे अभिप्राय मागितला. मी फोनवर सांगितलं, हे टिकणार नाही, निवड रद्द करून नव्याने समिती बसवा. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, ‘मॅडम, तुमचं बरोबर आहे. पण लेखी नका देऊ.’ मी लेखी दिलं. दीड पानाचं. पुढचे पाच महिने माझ्याकडे त्या कार्यालयातून एकही नवं प्रकरण आलं नाही. निवड अखेर कोर्टात गेली, दुसऱ्या वकिलाने ती लढवली, आणि पडली.

मेसेज लिहिणाऱ्याला यातलं काय दिसतं? कोर्टात विद्यापीठाच्या बाजूने उभा राहिलेला काळा कोट, एवढंच. ‘हे करू नका’ असं लिहिलेली दीड पानं फाईलच्या टिपणी बाजूला टाचलेली असतात, आणि ती दाखवायची मला परवानगी नाही. त्यामुळे या कामाचा हिशेब बाहेर नेहमी अर्धाच पोचतो. जे प्रकरण सल्ला ऐकून मिटलं त्याला याचिका क्रमांकच पडत नाही. जे ऐकलं नाही, तेवढंच कोर्टाच्या बोर्डावर लागतं.

न ऐकण्याची किंमत काय असते, ते २०२२ या एका वर्षात बघा. गुजरातमधल्या सरदार पटेल विद्यापीठाच्या कुलगुरूंची नेमणूक सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, कोलकाता विद्यापीठाच्या कुलगुरूंची फेरनेमणूक टिकली नाही, आणि केरळच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचीही नेमणूक गेली. केरळात तर मुद्दा एका ओळीचा होता. आयोगाचे विनियम सांगतात, शोध समितीने तीन ते पाच नावांची यादी द्यायची. समितीने एकच नाव दिलं होतं. ‘एक नाव चालणार नाही’ हे सांगायला विधी कक्षातल्या कोणालाही दहा मिनिटं पुरतात. तिथे ते कोणी लिहून दिलं होतं का, ते त्या फाईललाच माहीत.

आणखी एक. खासगी वकील अशिलासाठी मुदतीचा मुद्दा काढून समोरच्याचा खरा दावाही पाडू शकतो, तो त्याचा हक्क आहे. सार्वजनिक संस्थेने तसं करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच मद्रास पोर्ट ट्रस्टच्या प्रकरणात सुनावलं. निवृत्त ग्रंथपालाची थकबाकी खरी असेल तर ‘उशिरा मागितली’ म्हणून ती बुडवायची नाही, हे मी किमान चार कुलसचिवांना सांगितलं आहे. दोघांनी ऐकलं.

‘शिक्षणाच्या बाबतीत कोर्ट हातच घालत नाही’

अर्धं खरं. आणि ते अर्धं आपल्याच महाराष्ट्रातून आलं आहे. राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचा नियम होता, उत्तरपत्रिका दाखवणार नाही, पुनर्मूल्यांकन होणार नाही. उच्च न्यायालयाने तो मोडीत काढला, सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये उचलून धरला : शिक्षणतज्ज्ञांच्या जागी न्यायाधीशांनी बसू नये. विद्यापीठांचे वकील हा निवाडा गेली चाळीस वर्षं वापरताहेत, मीही वापरला.

पण त्याच्या आदल्याच वर्षी कानपूर विद्यापीठाच्या प्रकरणात, उत्तरसूचीच उघडउघड चुकीची निघाल्यावर, सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांची बाजू घेतली होती. २०११ मध्ये ठरलं की माहितीच्या अधिकारात परीक्षार्थी आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहू शकतो. आणि गुणांच्या वादाची ताकद ज्यांना ठाऊक नाही त्यांनी १९८५ ची मुंबई विद्यापीठाची एमडी परीक्षा आठवावी. गुणांत फेरफार झाल्याचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, ताशेरे ओढले गेले, आणि १९८६ मध्ये मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकरांना राजीनामा द्यावा लागला.

वकिलाचं खरं कौशल्य कॉपीच्या प्रकरणांत लागतं. दोन जुने निवाडे आहेत. १९६२ चा सांगतो, परीक्षेतल्या गैरप्रकारासाठी विद्यार्थ्याला शिक्षा करायची तर आधी त्याचं म्हणणं ऐका. १९७० चा, बिहारमधल्या एका केंद्राचा, सांगतो की सगळ्या केंद्रावरच सामूहिक कॉपी झाली असेल तर त्या केंद्राची परीक्षा रद्द करताना एकेकाला ऐकायची गरज नाही. आता तुमच्यासमोर एका तालुक्याच्या केंद्रावरच्या ४० उत्तरपत्रिका आहेत, त्यातल्या २२ मध्ये एकाच गणितात एकाच ठिकाणी एकच चूक आहे. हे पहिल्या खणात टाकायचं की दुसऱ्या? चूक खण निवडला तर एक तर निर्दोष पोरांचं वर्ष जातं, नाही तर सगळे सुटतात.

मी त्या उत्तरपत्रिका घरी जेवणाच्या टेबलावर पसरून बसले होते. २२ जणांचे बैठक क्रमांक आराखड्यावर लावले तर सगळे दोन खोल्यांतले निघाले, उरलेले १८ तिसऱ्या खोलीतले. केंद्र रद्द करू नका, २२ जणांना नोटिसा काढा, परीक्षा प्रमाद समितीसमोर एकेकाला बोलवा, असा अभिप्राय दिला. समितीच्या अध्यक्षांना तो आवडला नाही, कारण केंद्र रद्द करणं एका सहीचं काम होतं. पण नोटिसा निघाल्या. तिसऱ्या खोलीतल्या १८ जणांना आपल्यावर काय बेतलं होतं हे आजही माहीत नसेल.

‘नेमणुका वशिल्याच्या’

हाच तो. नाकारून मी खोटी पडेन. सरकार बदललं की सरकारी वकील कार्यालयातली नावं बदलतात, हे प्रत्येक खंडपीठात दिसतं. १९९० मध्ये उत्तर प्रदेशने तर एका परिपत्रकासरशी सगळ्या जिल्ह्यांतले सरकारी वकील काढून टाकले. सर्वोच्च न्यायालयाने ते मनमानी ठरवून रद्द केलं. २०१६ मध्ये पंजाब आणि हरियाणाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं की नेमणुका पारदर्शक हव्यात, पात्रता पाहायला समिती हवी. माझी स्वतःची नेमणूक झाली तेव्हा माझे सिनियर योग्य माणसांना ओळखत होते. मी अर्ज केला, मुलाखत दिली, पण ती ओळख नसती तर अर्ज वर आला असता का, सांगता येत नाही.

माझी मुदतही अशीच एका आदेशाने संपली. शुक्रवारी पत्र आलं, सोमवारी कार्यभार द्यायचा होता. तीन कपाटं, गठ्ठ्यांवर माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. माझ्या जागी आलेला वकील माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, कोणाच्या ओळखीने आला होता ते सगळ्या बारला ठाऊक. मी त्याच्याबद्दल बरं-वाईट ठरवून टाकलं होतं. मंगळवारी सकाळी पावणेआठला त्याचा फोन आला. ‘मॅडम, त्या बिंदूनामावलीच्या मॅटरमध्ये वहीची छायाप्रत लावली आहे, पण लाल शाईची खाडाखोड त्यात काळी दिसते. मूळ वही कोणाकडे आहे?’

मी त्याला नांदेडच्या लिपिकाचा नंबर दिला.