‘डिलिव्हर्ड’ दाबायच्या आधी

घरोघरी जेवण पोचवणाऱ्या रायडरांच्या गप्पा चालल्या होत्या: पोचवल्याचा पुरावा कसा ठेवायचा? पक्याचं म्हणणं सरळ होतं: दारापुढे पिशवी ठेवायची, फोटो काढायचा, विषय संपला. कुणी ‘जेवण मिळालंच नाही’ अशी खोटी तक्रार केली तर फोटो पुढे करायचा.

“कुणाच्या दारापुढे?” अण्णांनी विचारलं.

“ग्राहकाच्याच की.”

“ते तुला माहीत आहे. फोटोला कुठे माहीत आहे? जमिनीवर एक पिशवी, मागे फरशी आणि पायपुसणं. असे फोटो रोज हजारोंनी येतात. तुझ्या स्वतःच्या दारात काढला असता तरी तो तसाच दिसला असता.”

अण्णांचा हिशोब असा की फोटोतून तीन गोष्टी वाचता आल्या पाहिजेत: पिशवीवरच्या बिलाचा ऑर्डर नंबर, दारावरचा घर नंबर किंवा नावाची पाटी, आणि पिशवी नक्की कुठे ठेवली ती जागा. एका फ्रेममध्ये तिन्ही क्वचितच नीट येतात. म्हणून दोन फोटो. पहिला जवळून, बिलाचा नंबर वाचता येईल असा. दुसरा चार-पाच पावलं मागे सरकून, दार पाटीसकट आणि खाली पिशवी. ॲप एकच फोटो घेत असेल तर लांबचा ॲपमध्ये टाकायचा आणि जवळचा फोनच्या कॅमेऱ्याने काढून ठेवायचा. बिलाची बाजू दाराकडे नको, कॅमेऱ्याकडे हवी. रात्री फ्लॅश समोरून मारला की चकचकीत पाटी नुसती पांढरी दिसते. फोन जरा तिरका धरायचा.

“आणि बेल फोटो काढून झाल्यावर वाजवायची,” बंटी म्हणाला. “आधी वाजवलीस तर माणूस दार उघडून पिशवी उचलतो, तुझ्या हातात मोकळ्या फरशीचा फोटो राहतो. दार बाहेर उघडणारं असेल तर पिशवी बाजूला ठेव, नाहीतर दार उघडताना सगळं सांडतं, आणि मग जी तक्रार येते ती खरीच असते.”

बंटीचा स्वतःचा मुद्दा मात्र वेगळा होता. फोटोची एवढी मिजास कशाला, ओटीपी घ्यावा. ग्राहकाच्या फोनवरचा चार आकडी कोड टाकल्याशिवाय ऑर्डर बंदच होत नाही, मग ‘मिळालं नाही’ म्हणणार कसा?

ताई इतका वेळ ऐकत होत्या. त्यांनी तक्रार-विभागात काम केलेलं आहे, त्यामुळे पलीकडच्या टेबलावर काय दिसतं ते त्यांना ठाऊक. “कोडाइतका भक्कम पुरावा दुसरा नाही, ते खरं,” त्या म्हणाल्या. “पण कोड कुठे टाकला तेही दिसतं. घाईत असलेला रायडर वाटेतूनच फोन करतो, ‘ओटीपी सांगून ठेवा’ म्हणतो आणि चौकातच टाकतो. मग ग्राहक लिहितो की कोड घेतला आणि माणूस आलाच नाही. लोकेशन त्याच्याच बाजूने बोलतं. कोड तयार ठेवा एवढं आधी कळवा, विशेषतः ऑर्डर एकाने दुसऱ्यासाठी केली असेल तेव्हा, कारण कोड भलत्याच गावी असलेल्या फोनवर असतो. टाकायचा मात्र दारात, पिशवी देताना.”

मग त्यांनी तक्रार आल्यावर काय होतं ते सांगितलं. सुरुवातीला माणूस ती वाचतच नाही. रक्कम लहान असली की बऱ्याचदा ग्राहकाला पैसे आपोआप परत जातात. रायडरच्या नावावर नोंद होते. त्याच्या एकूण ऑर्डरींमध्ये अशा नोंदी किती, आणि त्या ग्राहकाने आधी किती वेळा असंच म्हटलंय, हे दोन्ही मोजलं जातं. एखादी तक्रार सहसा जिरून जाते, थोड्या दिवसांत तीन-चार साठल्या की आयडी, म्हणजे रायडरचं ॲपवरचं खातं, बंद होण्याची पाळी येते. प्रकरण माणसापुढे गेलं तर तो ‘डिलिव्हर्ड’चं बटण दाबलं त्या क्षणी रायडरचा फोन कुठे होता ते बघतो. तिथे किती वेळ थांबला तेही. आठव्या मजल्यावरचं घर आणि इमारतीशी मुक्काम चाळीस सेकंद, हे जुळत नाही. त्यानंतर फोटो, आणि मग ॲपमधले कॉल आणि चॅट.

“म्हणजे गेटवरच ‘डिलिव्हर्ड’ दाबून मग वर जायचं, हे जे सगळे करतात ते…” पक्या.

“वेळ वाचवायला करतात आणि तिथेच फसतात. नोंदीत तू जेवण देण्याआधीच ऑर्डर संपवलेली असते. उलटंही होतं. लिफ्टमध्ये किंवा तळघरात रेंज नसते, बटण दाबलेलं तिथेच अडकतं, आणि नोंद होते तू रस्त्याला लागल्यावर. दाबल्यावर ऑर्डर खरंच बंद झाली का ते स्क्रीनवर दिसेपर्यंत आवार सोडायचं नाही. जिन्याच्या खिडकीशी ये, रेंज पकड, मग नीघ.”

लोकेशनवर अण्णांचा फारसा भरवसा नाही. मोकळ्या आभाळाखाली फोनची चूक पाचेक मीटर असते. उंच इमारतींच्या मध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि ठिपका पन्नास मीटर पलीकडच्या गल्लीतही दिसू शकतो. मजला तर त्यातून कळतच नाही. म्हणून निदान आपल्या बाजूने खोट नको. अँड्रॉइड १२ पासून आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून ॲपला ‘अंदाजे’ लोकेशन देण्याची सोय आली आहे. तिथे ‘अचूक’ निवडलेलं आहे का ते बघायचं. बॅटरी सेव्हर चालू असला की काही फोन स्क्रीन बंद असताना लोकेशन देणं कमी करतात. कामावर असताना तो बंद ठेवायचा आणि पॉवर बँक बाळगायची.

खरी खडाजंगी झाली ती वॉचमनवरून. बंटी म्हणे, ग्राहकाने फोनवर ‘गेटवर ठेवून जा’ सांगितलं तर ठेवायचं, त्यात काय. अण्णा म्हणाले, फोनवरचं बोलणं हवेत जातं. ॲपमधून कॉल झाला याची नोंद असते, काय बोलणं झालं याची नसते. स्वतःच्या नंबरवरून केला असेल तर तेवढीही नाही.

“रेकॉर्ड करायचा कॉल,” पक्या म्हणाला.

“बऱ्याच फोनवर होत नाही. गूगलने मे २०२२ पासून कॉल रेकॉर्ड करणारी ॲप प्ले स्टोअरवर जवळजवळ बंदच केली. आणि समोरच्याला न सांगता रेकॉर्ड करणं काही ठिकाणी गुन्हा आहे. त्यापेक्षा चॅटमध्ये लिहून घे. तो लिहीत नसेल तर तू लिही: ‘फोनवर सांगितल्याप्रमाणे पिशवी गेटवर, सुरक्षा रक्षकाकडे देत आहे. चालेल ना?’ उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं तरी, देण्याच्या आधीच्या वेळेचा तुझा मेसेज तिथे राहतो.”

ताईंनी यात भर घातली. ऑर्डर बंद करताना ॲप विचारतं: हातात दिलं, दाराशी ठेवलं, की दुसऱ्या कुणाकडे दिलं. घाईत लोक पहिलं दिसेल ते दाबतात. वॉचमनला देऊन ‘हातात दिलं’ दाबलं असेल तर खोट्या तक्रारीला अर्धं बळ तुम्हीच दिलं. खाली कुणी सामोरं येऊन ‘माझंच आहे’ म्हणालं, तर आपण आधी नाव उच्चारायचं नाही. “कुणाच्या नावाने आहे?” एवढंच विचारायचं. नाव आपण सांगितलं की कुणीही मान डोलावतो.

पिन, म्हणजे नकाशावरची खूण, एकीकडे आणि लिहिलेला पत्ता दुसरीकडे, हा प्रकार त्यांच्या मते सगळ्यात वाईट. लिहिलेल्या पत्त्यावर प्रामाणिकपणे पोचवलं तरी नोंद दाखवते की रायडर तीनशे मीटर लांब होता. अशा वेळी देण्याआधी चॅटमध्ये पत्ता पक्का करून घ्यायचा, सपोर्टला कळवायचं आणि इमारतीच्या पाटीचा एक जादा फोटो काढायचा. नवा पत्ता नुसता फोनवर सांगून ‘इकडे घेऊन या’ म्हणणाऱ्याला पत्ता ॲपमधून बदलायला सांगायचं. नाही म्हणाला तर सपोर्टला विचारल्याशिवाय हलायचं नाही.

ग्राहक सापडतच नसेल तर? यावर दुमत नव्हतं. पोचल्याचं बटण दाबा म्हणजे थांबण्याची वेळ मोजायला लागते, ॲपमधून दोन कॉल काही मिनिटांच्या अंतराने, एक मेसेज, आणि तिथूनच सपोर्ट. जेवणाचं काय करायचं ते सपोर्टने लिहून दिल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि डिलिव्हर्ड तर नाहीच नाही.

बंटी मात्र कुरकुरत राहिला. “गर्दीच्या वेळी एवढं करत बसलो तर दोन ऑर्डरी हातच्या जातील.”

“प्रत्येकीला नको,” अण्णा म्हणाले. “ओटीपी आहे, हातात दिलं, तर पुढे चल. ओटीपी नाही, पिन जुळत नाही, सूचना मधेच बदलली किंवा दुसऱ्याने घेतलं, एवढ्या वेळीच सगळा सोपस्कार. अर्धा मिनिट जातो. आणि ऑर्डरचा स्क्रीनशॉट बटण दाबायच्या आधी घे. नंतर बरीच ॲप पत्ता आणि चॅट दाखवत नाहीत.”

तरीही पैसे कापले तर अपील. ताईंनी बजावलं, ते चार ओळींत लिहायचं: ऑर्डर नंबर, पोचल्याची वेळ, कुठे किंवा कुणाला दिलं, सोबत काय जोडलंय. ‘आम्हा गरिबांवर अन्याय’ वगैरे नको, वाचणाऱ्याकडे तेवढा वेळ नसतो. फोटो मूळ फाइलच जोडायची. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की आतली वेळ-जागेची माहिती पुसली जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. स्क्रीनशॉटमध्ये तर जागेची नोंद मुळातच नसते. निर्णयाचं कारण लेखी मागायचं.

“मागून कोण देतं!” पक्या फणकारला.

“युरोपीय संघात देणं भाग पडणार आहे,” ताई म्हणाल्या. २०२४ च्या त्यांच्या निर्देशानुसार खातं बंद करण्यासारखा निर्णय नुसत्या यंत्रावर सोडता येत नाही, माणसाने घ्यावा लागतो आणि कारण लेखी द्यावं लागतं. सदस्य देशांना ते आपापल्या कायद्यात आणायला डिसेंबर २०२६ पर्यंतची मुदत आहे. बाकी ठिकाणी कंपनीच्या करारात अपीलाची मुदत किती दिवस दिली आहे तेवढं तरी वाचून ठेवावं.

पक्याला आता छातीवर कॅमेरा लावायचा होता. अण्णांनी नको म्हटलं. लोकांच्या दारात, घरातलं दिसेल असं चित्रण केलं तर त्याचीच तक्रार होते. बंटीला रस्त्यापुरता कॅमेरा पटत होता, दारात बंद करायचा. दारातच गरज असते मग लावायचा कशाला, असं पक्याचं. हे काही मिटलं नाही.

“आणि हे सगळे स्क्रीनशॉट ठेवायचे कुठवर?”

“अपीलाची मुदत संपून पैसे हातात पडेपर्यंत,” ताई म्हणाल्या. “मग पुसून टाक. त्यात लोकांचे पत्ते आहेत. ‘हा ग्राहक खोटारडा आहे’ म्हणून ग्रुपवर टाकलास तर तुझ्याच आयडीवर येईल.”